पंधरा सेकंदांचा हातमोजा

कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. या पट्ट्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हटली की आमरस आणि खापरावरचे मांडे आलेच. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, खाली लाकडाचा जाळ, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवणारी सुगरण. मांडा खापरावर पडतो, भाजून निघतो आणि हातानेच उचलून घडी घातली जाते. या कामात हातमोज्याला जागा नाही आणि त्याची गरजही नाही. मांडा पातळ, त्यात साठणारी उष्णता थोडी आणि हात लागतो तो क्षणभर. पंचाईत होते ती पुढे. शेवटचा मांडा उतरला की त्याच जाळावर कटाच्या आमटीचं पातेलं चढवायचं असतं, म्हणजे आधी खापर खाली घ्यायला हवं. सांडशी इथे कामाची नाही. खापर गोलसर, काठ खाली दबलेले. चिमटीत धरून जोर दिला तर कपची उडते. मग कोणी पोत्याचा तुकडा शोधतं, कोणी मसोत्याच्या घड्या घालतं, कोणी सरळ पदर पुढे करतं.

हल्ली शेतावरच्या जेवणांत कोळशाची शेगडी आणि लोखंडी जाळीही आली आहे. तापलेली जाळी सरकवायची, बिडाचा तवा उतरवायचा, निखाऱ्यांचं घमेलं इकडून तिकडे न्यायचं, ही कामं खापर उतरवण्याच्याच जातीची. आणि आता मोबाइलवर बोट ठेवलं की उष्णतारोधक हातमोजा कळवणलाही घरपोच येतो. तो मागवणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती डिग्रीपर्यंत चालतो?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा. आपल्याला ती वस्तू किती सेकंद हातात धरायची आहे, हे आधी ठरवावं. कुठलाच हातमोजा उष्णता कायमची अडवत नाही. तो तिला उशीर करतो, आणि तेवढ्या उशिरातच आपलं काम उरकायचं असतं.

माणसाची त्वचा किती तापली आणि किती वेळ तापली, यावर भाजणं अवलंबून असतं. अमेरिकेतल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी याचे आकडे १९४७ साली प्रसिद्ध केले आणि आजही सगळे त्यांचाच आधार घेतात. त्वचा ४४ अंश सेल्सिअसवर राहिली तर इजा व्हायला कित्येक तास लागतात. ६० अंशांवर पाचेक सेकंद पुरतात आणि ७० अंशांवर सेकंदभरात काम तमाम. अंश थोडे वाढतात, वेळ मात्र झपाट्याने आटतो. जाळावरचा तवा सहज दोनशे-अडीचशे अंशांवर असतो आणि फुललेल्या निखाऱ्याचा पृष्ठभाग सहाशे-सातशेच्या घरात. या दोहोंना उघडा हात लागल्यावर ‘पटकन सोडलं’ याला फारसा अर्थ उरत नाही.

वस्तू कशाची आहे, यानेही फरक पडतो. शंभर अंशांच्या लोखंडाला बोट लागलं तर त्या जागी त्वचा लगेच नव्वदीच्या वर जाते, कारण लोखंड आतली उष्णता भराभर पुढे ढकलत राहतं. तेवढ्याच तापलेल्या मातीच्या भांड्याला लागलं तर ती साठ-सत्तरच्या मधे कुठेतरी थांबते. माती उष्णता सोडते ती रेंगाळत. म्हणून मातीचं भांडं हाताळणाऱ्याला त्याच्याबद्दल जरा फाजील विश्वास वाटतो. पण मांडे भाजणारं खापर शंभर अंशांवर थांबलेलं नसतं, आणि उतरवल्यावरही बराच वेळ ते ताप धरून राहतं. तव्याला सगळे जपून असतात. बाजूला काढून ठेवलेल्या खापराला मात्र पोरं हमखास हात लावतात.

आता मसोत्याकडे वळू. कापडाच्या चार घड्या हाताला वाचवतात त्यात कापडाचा वाटा कमी आणि धाग्याधाग्यांत अडकलेल्या हवेचा जास्त. गोधडी थंडीत ऊब देते त्यामागेही हीच हवा असते. म्हणून घडी दाबली गेली की तिचं बळ जातं. दहा किलोचं पातेलं उचलताना तळहाताच्या मधोमध काही होत नाही, चटका बसतो तो बोटांच्या पेरांना, कारण सगळा भार तिथे आलेला असतो आणि तिथलं कापड चेपून पापडासारखं झालेलं असतं. हातमोजा घेताना म्हणून नुसती जाडी बघू नये. दोन बोटांत धरून तो जोराने दाबून बघावा. दाबल्यावर आतलं अस्तर नाहीसं झाल्यासारखं वाटलं, तर भरल्या भांड्याखालीही तसंच होणार.

हीच हवा निघून जाते म्हणून ओलं फडकं घातक ठरतं. गरम भांडं धरायला फडकं मुद्दाम भिजवून घेणारे लोक आहेत, आणि पहिल्या क्षणी त्यांना बरंही वाटतं. पण पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. धाग्यांतली हवा जाऊन तिथे पाणी आलं की अडसरच निघून जातो. त्यात भांडं शंभर अंशांच्या वर असेल तर त्या पाण्याची वाफ होते, आणि एक ग्रॅम वाफ त्वचेवर पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता तिथे सोडून देते. लोखंडाच्या चटक्यातून हात मागे घेता येतो. ओल्या फडक्यातली वाफ हाताला चिकटलेली असते. भट्टीजवळ ओली पोती जरूर ठेवावीत, ठिणगी उडाली तर विझवायला. धरायला फडकं कोरडंच हवं.

पदराचं तर फारच वाईट. सुती नऊवारीच्या जाड पदराने पातेलं उतरवणाऱ्या आज्यांचं निभलं, कारण सूत वितळत नाही. ते दोनशेच्या पुढे करपायला लागतं आणि चारशेच्या आसपास पेट घेतं, म्हणजे वासाने तरी आधी सूचना मिळते. आज अंगावर असते ती बहुधा पॉलिएस्टरची साडी. पॉलिएस्टर साधारण २६० अंशांना वितळतं, आणि वितळलेलं कापड डांबरासारखं कातडीला चिकटून तिथेच निवत बसतं. चुलीपुढे त्या पदराने तवा धरणं म्हणजे दुहेरी धोका, कारण हाताखालचं टोक वितळतं आणि मोकळं लोंबणारं टोक जाळाकडे जातं.

पॉलिएस्टरचा हा अवगुण हातमोज्यातही लपून येतो. वर सुती कापड आणि आत पॉलिएस्टरचा स्पंज, अशी जोडी स्वस्त मोज्यांत सर्रास असते आणि ती वरून ओळखू येत नाही. ओळखायचा उपाय जुना आहे, कापडाच्या दुकानदारांना आणि शिंप्यांना तो पाठ असतो. शिवणीच्या आतल्या बाजूने एक धागा ओढून काढायचा. अस्तराचाही एक वेगळा काढायचा. चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून, काडीच्या ज्योतीजवळ न्यायचा. सूत असेल तर पिवळ्या ज्योतीने जळतं, कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी मागे सरकतं, आक्रसतं, मग वितळून थेंब धरतं. निवल्यावर तो थेंब काचेच्या मण्यासारखा टणक होतो. लोकर किंवा कातडं असेल तर केस जळल्याचा वास घरभर होतो. आणि धागा ज्योतीत नुसता काळा पडला, ज्योत काढताच विझला, ना थेंब ना भडका, तर तो अरामिड जातीचा आहे असं समजायला हरकत नाही. मणी तयार करणारा धागा तळव्यात कुठेही सापडला तर तो मोजा निखाऱ्याच्या कामाचा नाही. मनगटाच्या इलास्टिकमध्ये सापडला तर मी तेवढं मनावर घेणार नाही.

अरामिड हे नाव दुकानात ऐकू येणार नाही. तिथे केव्हलार किंवा नोमेक्स म्हणतात. दोन्ही ड्युपाँट या अमेरिकन कंपनीने रूढ केलेली व्यापारी नावं. केव्हलारचा शोध स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली लावला, तोही टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधताना. हा धागा वितळत नाही, आणि पाचशे अंशांच्या आसपास पोचल्यावर त्याची घडण मोडू लागते. विणलेला अरामिडचा मोजा आत सुती अस्तर घेऊन येतो, बोटं मोकळी राहतात, जाळी किंवा तवा नीट पकडता येतो. त्याचं दुबळेपण एकाच ठिकाणी आहे, विणीच्या भोकांत. वाफ, उकळतं पाणी, तापलेलं तेल त्यातून सरळ आत जातं, आणि तेलात भिजलेला मोजा काढेपर्यंत तो ताप हातावरच बसलेला असतो. भजीच्या कढईपाशी म्हणून हा मोजा नको.

तिथे सिलिकॉन बरं. ते पाणी-तेल आत येऊ देत नाही, साबणाने धुता येतं आणि दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत तक्रार करत नाही. पण नुसतं पातळ सिलिकॉन उष्णता फारशी अडवत नाही. आत सुती अस्तर आणि बाहेर उंचवटे असलेलं हवं, म्हणजे भांडं आणि रबर यांच्यात थोडी तरी हवा राहते. निखाऱ्याला किंवा जाळाला मात्र ते लावू नये, जळून त्याची पांढरी भुकटी होते. शिवाय त्याच्या आत हाताला घाम सुटतो, आणि ओल्या अस्तराचं काय होतं ते वर आलंच आहे.

कळवणसारख्या गावात सर्वांत सहज मिळणारा मोजा यांपैकी एकही नव्हे. ट्रॉल्या आणि शेतीअवजारं बनवणारी वर्कशॉपं जिथे आहेत तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात वेल्डरचे कातडी हातमोजे मिळतात. निखारे हलवायला, जाळी उचलायला, चुलीत लाकूड सारायला ते खरोखर चांगले. ठिणग्या झेलतात, बाही लांब असते, किंमत हलकी. त्यांना दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, पुन्हा पुन्हा अति तापवणं. कातडं आकसतं, कडक होतं आणि बोटं वळेनाशी होतात. दुसरी, ओल. शिवाय ते खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेले नसतात, तेव्हा भाजलेलं वांगं किंवा कणीस त्या मोज्याने उचलू नये. त्याच दुकानात शेजारीच ठिपक्याठिपक्यांचे सुती हातमोजे आणि रबराचा निळा थर दिलेले नायलॉनचे हातमोजे टांगलेले असतात, शेतकामाचे. ते चुलीपाशी आणूच नयेत. ठिपके पीव्हीसीचे असतात आणि ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. नायलॉन तर सव्वादोनशे-अडीचशेच्या दरम्यान वितळतं.

एस्बेस्टॉसचे जुने मोजे कुठल्या कारखान्यातून घरी आले असतील तर त्यांना हात लावू नये. उष्णता ते उत्तम अडवायचे, पण त्यांचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

आता डिग्रीकडे येऊ. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मोज्यांवर दोन आकडे वारंवार दिसतात, ९३२ आणि १४७२. दोन्ही फॅरनहाइटमधले. आपल्याकडे तो बिल्ला कोणी नीट वाचत नाही आणि आकडा मोठा दिसला की मोजा भारी वाटतो. ९३२ फॅरनहाइट म्हणजे ५०० सेल्सिअस, आणि १४७२ म्हणजे ८००. आठशे अंशांची वस्तू लालभडक दिसते. ती हातात धरता येईल असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. फार तर कापडाने काही काळ पेट घेतला नाही एवढाच तो असू शकतो.

विश्वास ठेवावा असा शिक्का वेगळा आहे. युरोपातलं ‘ईएन ४०७’ हे मानक उष्णतेपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांसाठी आहे. मोज्यावर ज्वाळेचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली सहा खुणा. पहिली खूण पेट घेण्याबद्दलची, दुसरी तापलेल्या वस्तूच्या स्पर्शाची, तिसरी गरम झोताची, चौथी लांबून येणाऱ्या धगीची, शेवटच्या दोन वितळलेल्या धातूच्या थेंबांची आणि लोटाची. चाचणी केलीच नसेल तिथे अंकाऐवजी एक्स येतो. स्वयंपाकाला महत्त्वाचा तो दुसरा अंक. १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५० आणि ४ म्हणजे ५०० अंश. या तापमानाच्या वस्तूला टेकल्यावर मोज्याच्या आतलं तापमान १० अंशांनी चढायला किमान १५ सेकंद लागले, तर तो अंक मिळतो. म्हणजे पाचशे अंशांचा सर्वांत वरचा मोजासुद्धा हमी देतो ती १५ सेकंदांची, आणि ती कोऱ्या, कोरड्या मोज्याची. २०२० मध्ये या मानकाची सुधारित आवृत्ती आली आणि त्यात घरगुती हातमोजेही स्पष्टपणे धरले गेले. पेट घेण्याची चाचणी न झालेल्या मोज्यावर आता ज्वाळेचं चित्र नसतं, वेगळी खूण असते. जाळाजवळ काम असेल तर ज्वाळेचंच चित्र बघून घ्यावं.

१५ सेकंद किती, हे घरी एकदा चालून बघण्यासारखं आहे. चुलीपासून ओट्यापर्यंत सात-आठ पावलं असली तर निम्मा वेळही लागत नाही. पण पडवीतल्या चुलीवरून उंबरा ओलांडून मागच्या दाराच्या पायऱ्यांवर खापर ठेवायचं, वाटेत पोर आडवं आलं, ठेवायच्या जागी परात मांडलेली निघाली, की सगळं गणित बिघडतं. आधी जागा मोकळी करून ठेवली तर अंक दोनचा मोजाही पुरतो. दुप्पट पैशांचा मोजा हे काम करून देत नाही.

मापाबद्दल थोडं. मोजा घट्ट नसावा. आत तेल गेलं किंवा वाफ घुसली तर हात झटकताच तो पडला पाहिजे. दुसऱ्या हाताने ओढून काढावा लागणारा मोजा चुकीच्या मापाचा. बाही मनगटाच्या चांगली वर हवी, कारण चुलीच्या तोंडाशी वाकल्यावर धग बसते ती मनगटावर. काम सुरू करण्यापूर्वी अंगठ्या आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. धातू तापला की मोज्याच्या आतही चटका देतो, आणि भाजल्यावर हात सुजला तर अंगठी निघत नाही. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहायचं. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नये आणि चिकटलेलं कापड ओढू नये. भाजलेली जागा मोठी असेल किंवा फोड तळहातावर आले असतील तर दवाखाना गाठावा.

मोज्याची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती मोठ्या स्वयंपाकात. सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यातच येतो. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते. खानदेशातून भाविक उन्हातान्हात पायी येतात आणि गडाच्या पायथ्याच्या नांदुरीकडे येणाऱ्या वाटांवर त्यांच्यासाठी ठिकठिकाणी अन्नदान चाललेलं असतं. भाताचं किंवा भाजीचं असं मोठं पातेलं मोज्याने उचलण्यात शहाणपण नाही. त्याच्या कड्यांतून बांबू किंवा लोखंडी पाइप घालतात आणि दोघं दोन टोकांना लागतात. ढवळायचं उलथणं हातभर लांब दांड्याचं असतं. उष्णतेपासून हात वाचवायचा पहिला मार्ग अंतर, आणि आचाऱ्यांना तो कोणी शिकवावा लागत नाही. सांडशी, चिमटा, लांब झारा ही सगळी अंतराचीच साधनं आहेत, आणि जिथे ती चालतात तिथे मोजा घालून भांड्याला भिडण्यात काही मिळवायचं नसतं. मोठ्या स्वयंपाकात मोज्याची गरज लागते ती झाकण उघडताना. झाकणाची लांबची बाजू आधी वर करायची, म्हणजे वाफ समोर निघून जाते आणि मनगटावर येत नाही. तेवढ्या कामाला अस्तराचा सिलिकॉनचा मोजा पुरे. निखारे ओढणाऱ्याला कातडी जोड द्यावा. दोन कामांना एकच जोड फिरवला की तो हमखास ओला होतो, आणि ओला मोजा पुढच्या माणसाच्या हातात पडतो.

घरातही मोजे मोरीपासून लांब, खुंटीवर टांगावेत. अरामिडचा मोजा धुतला तर ब्लीच टाळावं आणि तो सावलीत वाळवावा. ऊन आणि क्लोरीन दोन्ही त्या धाग्याला पोखरतात. तेलकट मोजा तसाच ठेवला तर पुढच्या खेपेला तेलच आधी पेटतं. अधूनमधून मोजा उजेडासमोर धरून बोटांची पेरं आणि अंगठ्याजवळची शिवण बघावी. तिथे उजेड आरपार दिसला, किंवा करपल्याचा तपकिरी डाग आतल्या अस्तरापर्यंत पोचला, की चुलीपुढची त्याची नोकरी संपली. कातडी जोड असेल तर डाळिंबाच्या छाटणीला काट्यांपासून तो आणखी वर्षभर सहज काम देतो.